आशेवांचून संपणारें पुस्तक

आमच्या मंडळ्यांतील कांहीं तरुण मुलगे व मुली शिक्षणासाठीं शहरांत राहतात व तेथें इंग्रजी कादंबऱ्या वाचतात. सुटींत घरीं आल्यावर त्यांच्यापैकीं एखादा आपल्या पाळकाजवळ किंवा शिक्षकाजवळ एक प्रश्न घेऊन येतो, आणि तो ऐकून पुष्कळ जण गोंधळून जातात. प्रश्न असा कीं, एखादें पुस्तक वाचून मन इतकें खचलें कीं चार दिवस अन्न गोड लागेना व प्रार्थनेंत शब्द सुचेनात, तर त्या दुःखाला काय म्हणावें? तें पाप आहे, अशक्तपणा आहे, कीं त्यांत कांहीं खरें आहे? जो देश नकाशांत नाहीं व जीं माणसें कधीं जन्मलींच नाहींत, त्यांच्यासाठीं ख्रिस्ती मनुष्यानें शोक करावा काय?

या प्रश्नाला आमच्याकडे दोन उत्तरें तयार असतात. एक म्हणतो, "अरे, ती नुसती गोष्ट आहे, विसरून जा." दुसरा म्हणतो, "असलीं पुस्तकें हातांत धरावींच कशाला?" बहुधा दोघांनींहि तें पुस्तक वाचलेलें नसतें. नुसती गोष्ट म्हणून विसरावी, तर नाथान संदेष्ट्यानें दावीद राजाला सांगितलेली गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट हीहि नुसती गोष्टच होती. तो गरीब मनुष्य कोठें राहत नव्हता, आणि ती मेंढी कोणीं कापली नव्हती. तरी राजा संतापला, आणि संतापलेला असतांनाच सांपडला. गोष्ट त्याला कोठें घेऊन चालली आहे हें त्याला आधीं कळलें असतें, तर त्यानें संदेष्ट्याला दारांतूनच परत पाठविलें असतें. आणि कादंबरीला शिवूं नये असें म्हणणाऱ्या बंधूंनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिचें नांव घेतात ती 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं आमच्याच ख्रिस्ती समाजांतील बाबा पदमनजी यांनीं लिहिली, व विधवांच्या दुःखाकडे डोळे उघडून पाहावयास वाचकाला लाविलें.

येथें मी एकच पुस्तक घेतों, कारण वरील प्रश्न त्यानें जितका तीव्रपणें उभा केला आहे तितका क्वचितच दुसऱ्यानें केला असेल. त्याचें नांव 'नाइन्टीन एटी-फोर'; तें ८ जून १९४९ रोजीं लंडन येथें प्रसिद्ध झालें. लेखकाचें नांव जॉर्ज ऑर्वेल. हें टोपणनांव होय. खरें नांव एरिक आर्थर ब्लेअर. त्याचा जन्म १९०३ सालीं, आज बिहार राज्यांत असलेल्या मोतीहारी येथें झाला. वडील सरकारच्या अफू खात्यांत नोकर होते. तरुणपणीं पांच वर्षें त्यानें ब्रह्मदेशांत पोलीस अधिकाऱ्याचें काम केलें, आणि परक्या लोकांवर हुकमत चालविणें मनाला टोंचूं लागल्यामुळें १९२७ सालीं तें सोडलें. १९३७ सालीं स्पेन देशाच्या यादवी युद्धांत त्याच्या गळ्यांतून गोळी आरपार गेली. हें पुस्तक त्यानें स्कॉटलंडच्या जुरा नांवाच्या बेटावर क्षयानें खंगत असतां पुरें केलें व शेवटची प्रत स्वतःच टाइप केली. पुस्तक निघून आठ महिनेहि झाले नव्हते, तों २१ जानेवारी १९५० रोजीं तो वारला. तो श्रद्धावंत नव्हता. तथापि इंग्लंडच्या चर्चच्या विधीप्रमाणें आपणांस पुरावें अशी इच्छा त्यानें लिहून ठेविली होती, आणि त्याची कबर सटन कोर्टनी नांवाच्या गांवीं चर्चच्या आवारांत आहे. हस्तलिखित वाचून त्याच्या प्रकाशकानेंहि टिपून ठेविलें कीं, पुस्तक थोर आहे, पण असें दुसरें वाचण्याचा प्रसंग पुढें पुष्कळ वर्षें न येवो. जो पुस्तकें विकून पोट भरतो त्याच्या लेखणींतून हें निघालें. तेव्हां आमच्या कॉलेजांतील मुलांस झोंप लागली नाहीं यांत नवल नाहीं.

गोष्टींतील राज्यांत एकच पक्ष आहे व त्याचा एकच पुढारी आहे. त्याला 'थोरला भाऊ' म्हणतात. त्याचें चित्र प्रत्येक भिंतीवर आहे; तो स्वतः मात्र कोणाच्या दृष्टीस पडलेला नाहीं. पक्षाच्या प्रत्येक माणसाच्या घरीं भिंतींत एक पडदा बसविलेला असतो. तो चित्रें दाखवितो, आणि घरांतील माणसाला पाहतोहि. मुलें आईबापांवर पाळत ठेवतात. एका गृहस्थाला त्याच्या सात वर्षांच्या मुलीनेंच पकडून दिलें आहे, आणि तिनें तें नीट केलें याचा त्याला तुरुंगांतहि अभिमान वाटतो. विन्स्टन स्मिथ नांवाचा ३९ वर्षांचा कारकून जुनीं वर्तमानपत्रें दुरुस्त करण्याचें काम करतो. म्हणजे पक्षाचें कालचें बोलणें आज अडचणीचें झालें, तर कालचाच अंक बदलून पुन्हां छापावयाचा व मूळ अंक नाहींसा करावयाचा.

त्याच्याच कचेरींत ॲम्पलफोर्थ नांवाचा एक कवि आहे. जुन्या कविता पक्षाला मानवतील अशा करून देणें हें त्याचें काम. एका ओळीच्या शेवटीं 'देव' हा शब्द होता. यमकाला दुसरा शब्द जुळेना, म्हणून त्यानें तो तसाच राहूं दिला. एवढ्यासाठीं तो तुरुंगांत येतो. ही हकीकत पुस्तकांत थोडक्यांतच उरकली आहे, पण मी तेथें बराच वेळ थांबलों. त्या बिचाऱ्याचा देवावर विश्वास होता असें कोठें म्हटलेलें नाहीं. त्याला फक्त यमक मोडवलें नाहीं. सर्व राज्यांतून तें नांव खरवडून काढलें, तरी भाषेच्या सांध्यांत तें अडकून राहिलेलें होतें.

दुसरा प्रसंग विन्स्टनच्या लहानपणाचा आहे. उपासमारीचे दिवस, आई, तो, व मरणाला टेंकलेली धाकटी बहीण. एकदां चॉकलेटचा तुकडा मिळाला असतां त्यानें बहिणीच्या हातांतला तिचा वांटा हिसकावून घेतला व दाराकडे धांव घेतली. आईनें त्या मुलीभोंवतीं हात टाकला आणि तिचें तोंड आपल्या उराशीं धरलें. त्या हातानें चॉकलेट परत येणार नव्हतें. मुलगी वांचणार नव्हती. कांहीं तासांनीं तो परतला, तेव्हां आई व बहीण दोघीहि नाहींशा झाल्या होत्या. ज्या कृतीनें कांहींच साधत नाहीं तिलाहि मोल असूं शकतें, हें पक्षानें लोकांना विसरावयास लाविलें आहे, असें मोठेपणीं त्याच्या ध्यानांत येतें. ज्यांनीं आपल्या गांवीं आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढिली आहे, व औषध नाहीं, गाडी नाहीं, अशा वेळीं नुसता हात धरून बसले आहेत, त्यांना हें मी अधिक सांगावयास नको.

पुढें विन्स्टनचें ज्युलिया नांवाच्या स्त्रीवर प्रेम बसतें. तो संबंध विवाहाचा नव्हे. परंतु त्या राज्यांत एका माणसानें दुसऱ्यासाठीं जीव टाकावा हाच मोठा अपराध आहे. दोघांना ठाऊक असतें कीं आज ना उद्यां आपण पकडले जाऊं, मार खाऊं, व मारानें सर्व कांहीं कबूलहि करूं. पण त्यांचें म्हणणें असें कीं, कबुली म्हणजे विश्वासघात नव्हे. तोंडून कांहींहि वदवतील. अंतःकरणांत शिरून आपलें प्रेम कांहीं त्यांना काढून नेतां येणार नाहीं.

अखेर ते पकडले जातात. विन्स्टनला मारतात, उपाशी ठेवतात, यंत्रानें वेदना देतात. दोन आणि दोन पांच असेंहि तो म्हणतो. तरी एक गोष्ट उरते: ज्युलियाला त्यानें मनांतून सोडलेलें नाहीं. तेव्हां त्याला १०१ क्रमांकाच्या खोलींत नेतात. तेथें प्रत्येकासाठीं त्याला सर्वांत असह्य असेल तेंच ठेवलेलें असतें. विन्स्टनला उंदरांचें भय असतें. भुकेल्या उंदरांचा पिंजरा तोंडाजवळ येतांच तो किंचाळतो कीं, हें मला नको, ज्युलियाला करा. नंतर त्याला सोडून देतात. शेवटच्या पानावर तो थोरल्या भावाच्या चित्राकडे पाहून प्रेमानें रडतो, आणि पुस्तक संपतें.

आतां हें वाचून मन खचतें तें कशानें? क्रूरतेनें म्हणावें, तर मंडळीच्या इतिहासांत आपण पॉलिकार्पाचें जळणें वाचतों, आणि त्या वाचनानें उलट उभारी येते. येथें तसें होत नाहीं, कारण येथें कोणी टिकत नाहीं. वाचक पहिल्या पानापासून विन्स्टनच्या जागीं उभा असतो. सर्व गेलें तरी एक लहानसा कोपरा शाबूत राहील अशी त्याची समजूत असते, आणि ती समजूत विन्स्टनविषयीं नसून स्वतःविषयीं असते. 'माझें शरीर मोडतील, पण मला मोडूं शकणार नाहींत' हें आपण प्रत्येक जण मनांत म्हणत असतों. पुस्तक त्या कोपऱ्यापर्यंत हात घालतें व तेथेंहि कांहीं ठेवीत नाहीं. मग रात्रीं दिवा मालविल्यावर प्रश्न येतो कीं, त्या पिंजऱ्यापुढें मीं कोणाचें नांव घेतलें असतें? बायकोचें? लेंकराचें? नाथानाची गोष्ट ऐकून दावीद सांपडला तो असाच. म्हणून त्या तरुण वाचकाचें दुःख मी खोटें मानीत नाहीं. तें स्वतःविषयींच्या भरवशाच्या मृत्यूचें सुतक आहे, आणि सुतकाचे दिवस हंसण्यावारीं नेऊं नयेत.

अशा मनुष्याच्या हातीं घाईनें सांत्वनाचें वचन देऊं नये, असें माझें मत आहे. स्तोत्रसंहितेंतील ८८ वें स्तोत्र उघडून पाहावें. बहुतेक विलापस्तोत्रें शेवटीं स्तुतीकडे वळतात. हें वळत नाहीं. तें अंधाराचें नांव घेऊनच थांबतें, आणि ज्यांनीं शास्त्राचा संग्रह केला त्यांनीं त्याच्या शेपटीला गोड ओळ जोडली नाहीं. या कादंबरीला मात्र कित्येक वाचकांनीं तशी ओळ शोधून काढिली आहे. शेवटीं त्या राज्याच्या भाषेविषयीं एक परिशिष्ट आहे व तें भूतकाळांत लिहिलेलें आहे. त्यावरून तें राज्य पुढें केव्हां तरी नष्ट झालें असावें, असा तर्क ते करतात. तर्क चांगला आहे, पण व्याकरणाच्या एका प्रत्ययावर एवढा भार मला टाकवत नाहीं. हें पुस्तक सर्वांसाठीं आहे असेंहि मी म्हणत नाहीं. लहान मुलांना तें देऊं नये; ज्याचें मन आधींच निराशेंत बुडालें आहे त्याला तर मुळींच देऊं नये; आणि ज्याला वाचावयाचें असेल त्यानें एकट्यानें न वाचतां सोबतीनें वाचावें.

खरा नैतिक प्रश्न पुढेंच आहे. विन्स्टन दोषी आहे काय? छळानें काढून घेतलेला शब्द त्या मनुष्याचा शब्द मानावा काय? आमच्या देशांत १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यापासून नियम आहे, व त्याच्या जागीं आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि तो कायम आहे, कीं धाक दाखवून किंवा लालूच देऊन मिळविलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाहीं. नियम शहाणपणाचा आहे. परंतु तो येथें पुरा पडत नाहीं. सुटकेनंतर ज्युलिया विन्स्टनला जें सांगते त्याचा आशय असा कीं, मागाहून मनुष्य म्हणतो, 'मी तसें नुसतें वरवर म्हटलें, त्यांनीं थांबावें म्हणून'. पण तें खरें नव्हे, त्या क्षणीं तें मनापासूनच असतें. कायदा शब्द पुसूं शकतो. आपण तें खरोखर इच्छिलें ही आठवण त्याला पुसतां येत नाहीं.

माझा निवाडा विचाराल तर असा आहे. १०१ क्रमांकाच्या खोलींत विन्स्टनची हानि झाली. तिला मी अपराध म्हणणार नाहीं. मातीच्या भांड्यावर घण घातला व तें फुटलें, तर दोष घण घालणाराचा. परंतु पुस्तकांत त्याच्या आधींचा एक प्रसंग आहे, आणि तो पुष्कळ वाचक भरभर वाचून पुढें जातात. पकडले जाण्यापूर्वीं विन्स्टन व ज्युलिया ओब्रायन नांवाच्या अधिकाऱ्याकडे जातात. तो पक्षाविरुद्धच्या गुप्त मंडळाचा आहे असें त्यांना वाटतें. वास्तविक तो पक्षाचाच मनुष्य असतो. उबदार दिवाणखाना आहे, हातांत द्राक्षारसाचा पेला आहे, भय दाखविणारें कोणी नाहीं. ओब्रायन विचारतो: कार्यासाठीं खून कराल काय? शेंकडों निरपराध लोक मरतील असें कृत्य कराल काय? गरज पडली तर लहान मुलाच्या तोंडावर तीव्र आम्ल फेंकाल काय? प्रत्येक प्रश्नाला विन्स्टन 'होय' म्हणतो. एकमेकांना सोडाल काय, एवढ्याला मात्र दोघें 'नाहीं' म्हणतात. पुढें तुरुंगांत विन्स्टन आपल्या नैतिक श्रेष्ठपणाची गोष्ट बोलतो, तेव्हां ओब्रायन त्याला त्याचाच तो आवाज यंत्रावर ऐकवितो. ज्या कोपऱ्याला तो शुद्ध समजत होता तेथें आधींच एक पोर जळालें होतें, आणि तें कोणाच्या छळानें नव्हे, तर चांगल्या कामाच्या नांवानें. आपण भयाखालीं काय बोलूं याची चिंता आपणांस फार असते. बैठकींत चहा घेतांना, आपल्या जातीच्या, पक्षाच्या किंवा पंथाच्या हितासाठीं दुसऱ्यांच्या लेंकरांविषयीं आपण काय बोलून जातों, त्याचा हिशेब मात्र आपण ठेवीत नाहीं.

आतां पेत्राकडे वळूं. मरावें लागलें तरी सोडणार नाहीं, असें त्यानेंहि म्हटलें होतें, आणि कांहीं तासांतच तो नाकारून बसला. त्याच्यापुढें पिंजरा नव्हता, यंत्र नव्हतें. थंडीच्या रात्रीं कोळशाचा विस्तव होता व एका दासीचा प्रश्न होता. नुसती कृति तोलून पाहिली तर पेत्राचें पतन विन्स्टनच्या पतनाहून हलकें ठरत नाहीं. मग एक मंडळीचा खांब झाला व दुसरा दारूच्या पेल्यापुढें संपला, हा फरक कोठून आला? पेत्र आंतून अधिक कणखर होता म्हणून नव्हे. कोंबडा आरवला तेव्हां कोणी तरी वळून त्याच्याकडे पाहिलें, आणि पुढें तलावाच्या कांठीं, पुन्हां एका कोळशाच्या विस्तवाजवळ, जितक्यांदा त्यानें नाकारलें तितक्यांदा त्याला प्रश्न विचारला.

विन्स्टन व ज्युलिया यांचीहि सुटकेनंतर एकदां भेट होते. मार्च महिना, बोंचरी थंडी, बागेंतील जमीन लोखंडासारखी कठीण, गवत मेलेलें. ती म्हणते, मी तुझा घात केला. तोहि म्हणतो, मी तुझा घात केला. दोघेंहि खरें बोलतात. पापांगीकाराला जें लागतें तें सर्व तेथें आहे. कोणी कांहीं झांकीत नाहीं, कोणी दुसऱ्यावर ढकलीत नाहीं. आणि कांहींच होत नाहीं. पुन्हां भेटूं असें उगाच म्हणून दोघें निघून जातात. सबंध पुस्तकांत मला हेंच पान सर्वांत भयंकर वाटतें, उंदरांचें नव्हे. अंगीकार ऐकून घेणारा व तो उचलून दूर ठेवणारा ज्या जगांत उरला नाहीं, तेथें खरें बोलणेंहि थंडीच्या वाफेसारखें विरून जातें. ऑर्वेलला हें सुवार्तेच्या अंगानें सांगावयाचें नव्हतें, आणि त्याच्या तोंडीं मी तें घालीत नाहीं. पण रिकामी जागा त्यानें इतकी बरोबर आंखली आहे कीं तेथें काय होतें तें ओळखूं येतें.

हा प्रश्न मंडळीपुढें एकदां खराच आला होता. इसवी सन २५० मध्यें रोमी बादशहा डेसियस याच्या हुकमानें सर्वांनीं देवतांना यज्ञ करून तसा दाखला घ्यावा असें ठरलें. असे कांहीं दाखले मिसर देशाच्या वाळूंत आजवर टिकून सांपडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनीं यज्ञ केला. कित्येकांनीं पैसे चारून नुसता दाखला मिळविला. छळ ओसरल्यावर हे लोक रडत दाराशीं आले, आणि मोठा वाद माजला. रोम शहरांत नोव्हेशियन म्हणाला कीं, यांना पुन्हां घेणें नाहीं. कार्थेज शहराचा अध्यक्ष सिप्रियन हा मध्यें सांपडला. त्यानें स्वतः यज्ञ केला नव्हता, पण छळाच्या वेळीं तो लपून राहिला होता, आणि त्याबद्दल लोक त्याला बोल लावीत होते. २५१ सालीं कार्थेजच्या सभेनें ठरविलें कीं, दार बंद करावयाचें नाहीं. प्रत्येकाची हकीकत ऐकून, पश्चात्तापाची मुदत ठरवून, त्याला परत घ्यावयाचें.

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांना हा वाद परका वाटूं नये. गांवानें वाळीत टाकलें, पाणी तोडलें, मुलीचें लग्न मोडलें, आणि एखादें कुटुंब सणाच्या दिवशीं मागें सरलें, अशा हकीकती जुन्या पाळकांना ठाऊक आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रांत २०१६ चा कायदा आहे. पण कायदा कचेरींतून निघून विहिरीपर्यंत पोहोंचावयास वेळ लागतो. अशा कुटुंबाचें नांव आपण वहींतून काढलें असेल. त्यांच्या दारीं पुन्हां कोणी गेलें होतें काय? कीं बाजारांत भेट झाली, दोन्ही बाजूंनीं माना खालीं घातल्या, आणि 'या कधीं तरी' म्हणून आपण पुढें गेलों?

सभेच्या ठरावानंतर थोड्याच काळांत नवा छळ जवळ आल्याचीं चिन्हें दिसूं लागलीं. तेव्हां कार्थेजच्या अध्यक्षांनीं पुन्हां जमून मुदत कमी केली. पडलेल्यांपैकीं जे पश्चात्तापांत टिकून होते त्या सर्वांना त्यांनीं प्रभुभोजनाला बसविलें, कारण भाकरीवांचून त्यांना दुसऱ्यांदा त्या न्यायासनापुढें कसें पाठवावें? आणि पहिल्या छळांत लपलेला सिप्रियन दुसऱ्या वेळीं लपला नाहीं. १४ सप्टेंबर २५८ रोजीं कार्थेज येथें, त्याच्याच मंडळीच्या लोकांदेखत, त्याचा शिरच्छेद झाला.